गमबूट

जून महिन्याचा पहिला आठवडा होता. रोहिणी नक्षत्र सरत आले होते आणि साऱ्यांचे डोळे मृगाकडे लागले होते. दुपार टळली की सोलापूरच्या आकाशात ढगांची दाटी होई, सोसाट्याचा वारा सुटे, धुळीचे लोट उठत. आणि चार टपोरे थेंब पडून सारे पुन्हा शांत होई. शुक्रवार पेठेतील गर्दीला मात्र खळ नव्हता. शाळा उघडण्यास थोडेच दिवस उरले होते. वह्या, दप्तरे, छत्र्या आणि बूट यांच्या खरेदीसाठी आईबापांबरोबर मुलांचीही वर्दळ चालली होती.

त्या गर्दीत सीना नदीच्या काठच्या एका खेड्यातून आलेले एक शेतकरी आणि त्यांची मुलगी होती. मुलगी यंदा सातवीत जाणार होती. तिच्यासाठी शाळेचे बूट आणि घरासाठी एक छत्री, एवढीच खरेदी मनाशी ठरवून दोघे पादत्राणांच्या एका जुन्या दुकानात शिरली. दुकानाच्या दाराशी एका दोरीला काळ्या रंगाचे, गुडघ्यापर्यंत पोहोचतील असे उंच बूट टांगलेले होते. मुलीने त्यांच्याकडे नवलाने पाहिले.

“आप्पा, एवढे उंच बूट कशासाठी हो?” तिने विचारले. “आपल्याकडे पाऊस तो केवढा! हे तर कोकणात विकायला हवेत.”

वडील काही बोलण्यापूर्वीच गादीवर बसलेले वृद्ध दुकानदार हसून म्हणाले, “बाळ, तुझा प्रश्न रास्त आहे. यांना गमबूट म्हणतात. पण माणसाच्या पायाला लागणारे पाणी काय फक्त आभाळातूनच येते? जरा बस इथे. हे बूट कोण कोण नेतात ते मी तुला सांगतो. मग ते कुठे विकायचे, ते तूच ठरव.”

मुलीचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. कोकणात वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. सोलापूर शहराच्या वाट्याला त्याच्या चौथा हिस्साही मोठ्या मुश्किलीने येतो. तथापि दुकानदारांनी गिऱ्हाइकांची जी यादी सांगितली ती ऐकून ती चकित झाली.

पहाटे गाव झोपेत असताना पेठेतील गल्ल्या झाडणारे आणि गटारांतील गाळ उपसणारे सफाई कामगार हे पहिले गिऱ्हाईक. दुसरे गिऱ्हाईक रंगखान्यांतील कामगार. सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल यांची कीर्ती दूरवर पसरलेली आहे. पण चादरीवरील लाल, हिरवी, निळी फुले उमलण्यापूर्वी सूत रंगाच्या उकळत्या पाण्यातून काढावे लागते. तेथील फरशी सदैव ओली असते आणि त्या पाण्यात रंगांबरोबर सोड्यासारखे क्षारही मिसळलेले असतात. अनवाणी पायांची कातडी तेथे सोलून निघते. दूध डेअरीत डबे आणि फरशी धुणारे, मासळी बाजारात बर्फाच्या पाण्यात उभे राहणारे, मोटारी धुणारे, आगीशी झुंजणारे अग्निशामक दलाचे जवान, या साऱ्यांनाच असे बूट लागतात.

“आणि शेवटचे गिऱ्हाईक,” दुकानदार मुलीच्या वडिलांकडे पाहत म्हणाले, “उसाला पाणी पाजणारे. खरे तर त्यांनी पहिले यायला हवे. पण ते सर्वांत शेवटी येतात, आणि पुष्कळसे येतच नाहीत.”

वडिलांनी नकळत आपले पाय मागे घेतले. त्यांच्या टाचांना खोल भेगा पडल्या होत्या.

पादत्राण हा शब्द ‘पाद’ आणि ‘त्राण’ या दोन शब्दांपासून झाला आहे. पाद म्हणजे पाय आणि त्राण म्हणजे रक्षण. पायांचे रक्षण करते ते पादत्राण. मराठीत त्याला नावे तरी किती! वहाण, जोडा, पायताण, चप्पल, बूट, खडावा. त्यांतील बहुतेक प्रकार पायांचे काट्यांपासून, खड्यांपासून आणि तापलेल्या जमिनीपासून रक्षण करण्यासाठी निर्माण झाले. पाण्यापासून पायांचे रक्षण करणे ही मात्र फार कठीण गोष्ट होती. कातडे हे तंतूंचे बनलेले असते आणि त्या तंतूंमध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात. पाणी त्यांतून झिरपते, कातडे फुगते, मऊ पडते आणि वाळल्यावर कडक होऊन तडकते. म्हणून पावसाळा लागला की चामड्याच्या वहाणा माळ्यावर टाकण्याची रीत आपल्याकडे पडली. ज्या दिवसांत पायांना रक्षणाची गरज सर्वाधिक, नेमके त्याच दिवसांत पाय उघडे राहत.

या अडचणीतून वाट निघाली ती एका झाडाच्या चिकातून. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात रबराचे झाड वाढते. त्याच्या सालीला चीर दिली की दुधासारखा पांढरा चीक पाझरतो. तेथील मूळ रहिवाशांना या चिकाचा गुण फार पूर्वीपासून ठाऊक होता. कापडावर आणि पायांच्या आकाराच्या साच्यांवर त्या चिकाचे थरावर थर चढवून ते धुरावर वाळवीत आणि त्यांपासून पाणी न शिरणाऱ्या वस्तू बनवीत. 1820 नंतरच्या काळात असे जोडे गलबतांतून अमेरिकेच्या बाजारपेठांत जाऊ लागले. लोकांना ते आवडले. पण त्यांचे कौतुक फार काळ टिकले नाही. उन्हाळा आला की हे जोडे वितळून चिकट होत आणि हिवाळ्यात दगडासारखे कडक होऊन तडकत. रबराच्या धंद्यात पैसा घातलेले कित्येक व्यापारी त्यामुळे बुडाले.

चार्ल्स गुडइयर नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने या दोषावर उपाय शोधण्याचा ध्यास घेतला. तो दरिद्री होता. कर्जापायी त्याला तुरुंगवासही घडला होता. घरातील चुलीपाशी बसून तो रबरात नाना पदार्थ मिसळून पाही. 1839 साली गंधक मिसळलेला रबराचा एक तुकडा त्याच्याकडून चुकून तापलेल्या शेगडीवर पडला. वास्तविक तो वितळावयास हवा होता. पण तो चामड्यासारखा चिवट झाला. अपघाताने घडलेली ही गोष्ट गुडइयरच्या नजरेतून सुटली नाही, कारण कित्येक वर्षे तो तिचाच शोध घेत होता. आणखी पाच वर्षे खटपट करून त्याने ही कृती निर्दोष केली आणि 1844 साली तिचे एकस्व मिळवले. या क्रियेला रोमन लोकांच्या अग्निदेवतेच्या, व्हल्कनच्या, नावावरून ‘व्हल्कनीकरण’ असे नाव पडले.

रबराचे रेणू लांबच लांब धाग्यांसारखे असतात. ते एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून कच्चे रबर उन्हात पातळ होते. गंधकाबरोबर तापवले म्हणजे या धाग्यांना जागोजागी गंधकाच्या गाठी बसतात. मोकळे धागे जसे विणीत बांधले गेले की त्यांचे कापड होते, तसेच येथे घडते. मग रबर ताणले तरी पुन्हा मूळ आकाराला येते आणि ऊन किंवा थंडी यांनी सहसा बिघडत नाही. ज्याने जगाला हा शोध दिला तो गुडइयर मात्र 1860 साली डोक्यावर कर्ज ठेवूनच मरण पावला.

उंच बुटांना इंग्लंडमध्ये ‘वेलिंग्टन’ म्हणतात. या नावाचा महाराष्ट्राशी एक विलक्षण संबंध आहे. आर्थर वेलस्ली हा इंग्रज सेनापती 1803 साली दख्खनमध्ये मराठ्यांशी लढत होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि 23 सप्टेंबर रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी त्याची घनघोर लढाई झाली. पुढे हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याने आपल्या चांभाराकडून घोड्यावर बसण्यास सोयीचे असे उंच बूट करवून घेतले आणि त्याच्या नावाने ते प्रसिद्धीस आले. ते बूट चामड्याचे होते आणि धनिकांच्याच पायांत शोभत.

चामड्याच्या जागी रबर आले आणि बुटाचे भाग्य पालटले. हायरम हचिन्सन या अमेरिकन उद्योजकाने गुडइयरकडून हक्क मिळवून 1853 साली फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. त्या काळी फ्रान्समधील शेतकरी लाकडी जोडे घालून चिखलात राबत. दिवसभर काम करूनही कोरड्या पायांनी घरी परतता येते, हे पाहून त्यांनी रबरी बूट चटकन स्वीकारले. सरदारांचा बूट अशा रीतीने शेतकऱ्याचा झाला. तीन वर्षांनी स्कॉटलंडमध्ये एडिंबरा येथेही असाच कारखाना निघाला.

पहिल्या महायुद्धात, म्हणजे 1914 ते 1918 या काळात, या बुटांची खरी कसोटी लागली. फ्रान्समधील रणभूमीवर सैनिकांना थंड पाण्याने आणि चिखलाने भरलेल्या खंदकांत दिवसचे दिवस उभे राहावे लागे. ओल्या बुटांत पाय बधिर होत, सुजत, त्यांना जखमा होत आणि ते सडू लागत. कित्येकांचे पाय कापावे लागले. एकही गोळी न लागता माणसे पांगळी होऊ लागली. तेव्हा इंग्लंडच्या सरकारने एडिंबरा येथील कारखान्यास रबरी बूट पुरवण्याची आज्ञा केली. युद्ध संपेपर्यंत त्या एका कारखान्याने अकरा लाखांहून अधिक जोड्या तयार केल्या. युद्ध संपले आणि लढाईतला हा बूट शेतांवर, गोठ्यांत आणि शाळेच्या वाटेवर रोजच्या वापराचा झाला. पाय कोरडा ठेवणे ही चैन नसून आरोग्याची गरज आहे, हे जगाने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले.

रबराचे झाडही आता ॲमेझॉनपुरते राहिले नव्हते. 1876 साली हेन्री विकम याने ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया इंग्लंडला नेल्या. त्यांपासून झालेली रोपे श्रीलंका आणि आग्नेय आशिया येथे पोहोचली. भारतात 1902 साली केरळातील पेरियार नदीच्या काठी रबराची पहिली व्यापारी लागवड झाली. आजही देशातील बहुतेक रबर केरळातच पिकते. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्गच्या डोंगरउतारांवरही रबराच्या बागा दिसतात.

रबरी बूट तयार करताना चिकापासून बनवलेले रबर प्रथम यंत्रात मळतात. त्यात गंधक, काजळी आणि इतर द्रव्ये मिसळतात. काजळीमुळे बुटाला काळा रंग येतो आणि रबराचा टिकाऊपणाही वाढतो. मग त्या रबराचे पत्रे लाटून त्यांचे तुकडे कापतात. पायाच्या आकाराच्या कलबुतावर आधी कापडाचे अस्तर आणि त्यावर हे तुकडे एकावर एक चिकटवतात. शेवटी सारा बूट भट्टीत तापवतात. तेथे गंधकाच्या गाठी बसतात आणि सारे तुकडे एकजीव होतात. शिवण नसल्याने पाण्याला शिरण्यास फट उरत नाही. आज बाजारात दिसणारे स्वस्त गमबूट बहुधा रबराचे नसून पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असतात. प्लॅस्टिकचा गरम रस साच्यात दाबून भरला की अखंड बूट तयार होतो. तो रबराइतका लवचिक नसतो. पण पाणी अडवतो आणि काही शे रुपयांत मिळतो.

प्रत्येक वस्तूच्या गुणातच तिचा दोष लपलेला असतो. गमबूट बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसाच आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी काळा गमबूट दिवसभर पायांत ठेवला तर पाय आतून भिजतात, दुर्गंधी येते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. म्हणून गमबुटाच्या आत सुती मोजे घालावेत आणि ते रोज धुवावेत. काम संपताच बूट काढून, धुऊन, सावलीत उलटे टांगावेत. कडक ऊन आणि तेल ही दोन्ही रबराची शत्रू आहेत. बूट पायांत घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकावा. विंचवाला असा अंधारा कोपरा फार आवडतो. ओल्या, मातीच्या, काळोख्या जागी हा बूट सखा आहे. कोरड्या रस्त्यावर चप्पलच बरी.

हे दोष ध्यानात घेऊनही गमबुटाचे महत्त्व कमी होत नाही, कारण त्याच्या आणि जमिनीच्या मधल्या अर्ध्या बोटाच्या थरावर कित्येकांचे प्राण अवलंबून असतात. घाण मिसळलेल्या ओल्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असतात. त्या अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त शोषतात आणि माणूस फिकट व दुबळा होतो. लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या लहानशा ओरखड्यातूनही रक्तात प्रवेश करतात. 26 जुलै 2005 रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. पूर ओसरला, पण त्यातून चालत गेलेल्या लोकांमध्ये पुढे या रोगाची साथ पसरली.

तिसरे संकट सापाचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप होत. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात दरवर्षी सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने मरण पावली. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती आणि सर्वाधिक मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांत घडले. साप मुद्दाम माणसाच्या अंगावर येत नाही. अंधारात त्याच्यावर पाय पडतो, आणि म्हणून दंश बहुधा पावलाला किंवा पोटरीच्या खाली होतो. नेमका तोच भाग गमबूट झाकतो. बूट हे चिलखत नव्हे; तरीही दंशाचा धोका त्याने पुष्कळ कमी होतो. दुर्दैवाने दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. पाय हलू न देता 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. सर्पविषावर खरा उतारा तेथेच मिळतो.

गटारांत काम करणाऱ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. ज्यांच्या श्रमांवर शहराचे आरोग्य उभे असते, त्यांच्याच पायांचा विचार समाजाने फार उशिरा केला. 2013 साली देशात एक कायदा झाला. त्याने हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी केली आणि संरक्षक साधनांवाचून कोणालाही गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला. त्या साधनांच्या यादीत गमबुटांचाही समावेश आहे. गमबूट देणे हा कामगारावर केलेला उपकार नाही. तो त्याचा हक्क आहे. अर्थात विषारी वायूपुढे एकटा बूट काय करणार? म्हणून असे काम यंत्रांनीच व्हावे, हे खरे ध्येय होय.

शुक्रवार पेठेतील त्या दुकानात मुलीच्या मापाचे शाळेचे बूट आता निघाले होते. परंतु तिचे लक्ष त्यांच्याकडे नव्हते. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मळ्यातील गड्याला उसात दारे धरताना घोणस चावली होती. वेळेवर दवाखान्यात नेल्यामुळे तो वाचला. पण दोन महिने अंथरुणाला खिळून होता. त्यांच्या गावी शेतपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच येई आणि आप्पा विजेरी घेऊन अनवाणी पायांनी उसात शिरत.

“आप्पा, माझे जुने बूट अजून होतात,” ती हळूच म्हणाली. “अंगठ्याला जरा लागतात, एवढेच. तुम्हाला हे गमबूट घ्या.”

“अंगठ्याला लागतात म्हणजे होत नाहीत,” आप्पा म्हणाले. “आणि मला कशाला हे? शेतात बूट घालून गेलो तर गाव हसेल. म्हणेल, हे कोण साहेब आले! शिवाय काळ्या आईच्या अंगावर जोडे घालून कसे जायचे?”

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग ती म्हणाली, “आप्पा, लेकराने पाय जपले म्हणून कुठली आई रागावेल?”

दुकानदारांनी काही न बोलता दोरीवरची एक जोडी काढली आणि आप्पांच्या पायांशी ठेवली. आप्पांनी ती उचलून पाहिली. त्यांनी सैलसा मोठा बूट मागितला, तेव्हा दुकानदार म्हणाले, “मापाचाच घ्या. काळ्या चिखलात सैल बूट रुतून बसतो. पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो.” आप्पांनी बूट घालून दुकानात चार पावले टाकली. मग त्यांनी कनवटीचे पैसे काढून मोजले. दोन्ही जोड्या घेतल्या तर छत्रीला पैसे उरत नव्हते.

“राहू दे छत्री,” ते म्हणाले. “पाऊस आलाच तर पोत्याची खोळ आहे.”

त्या आठवड्यात एका रात्री साडेअकराला वीज आली. आप्पांनी विजेरी आणि काठी घेतली, बूट उलटे करून झटकले आणि पायांत चढवले. अंगणातून मळ्याकडे जाणारा तो थपथप आवाज मुलीने अर्धवट झोपेत ऐकला आणि ती कुशीवर वळली.

सकाळी गमबूट ओसरीवरच्या खुंट्यांना उलटे टांगलेले होते. त्यांच्यावर घोट्याच्या वरपर्यंत काळी माती लागली होती. आप्पा चहा घेत बसले होते. त्यांचे पाय कोरडे होते. कुंपणापलीकडून शेजारचा गडी बराच वेळ त्या बुटांकडे पाहत होता. त्याला काही हसू आले नाही.

“किती नंबरचे घेतले, आप्पा?” त्याने विचारले. “आणि त्या दुकानाचा पत्ता काय?”

शब्दार्थ

खळ नसणे – खंड नसणे, थांबा नसणे. रास्त – योग्य. एकस्व – शोधाच्या वापराचा शोधकास मिळालेला हक्क. कलबूत – बूट बनवण्यासाठी वापरायचा पायाच्या आकाराचा साचा. बधिर – संवेदना नसलेला. चिखल्या – ओलाव्यामुळे पायाच्या बोटांमध्ये होणारा त्वचारोग. दारे धरणे – पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यांत वळवणे. विजेरी – हातात धरावयाचा बॅटरीचा दिवा. खोळ – पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायचे पोत्याचे किंवा घोंगडीचे आवरण.

स्वाध्याय

1. सोलापुरात पाऊस कमी असूनही गमबूट कोणाकोणाला लागतात? का?

2. कच्च्या रबराच्या जोड्यांत कोणता दोष होता? तो गुडइयरने कसा दूर केला?

3. ‘सरदारांचा बूट शेतकऱ्याचा झाला,’ असे पाठात का म्हटले आहे?

4. कारणे द्या : (अ) चामड्याच्या वहाणा पावसाळ्यात वापरीत नसत. (आ) गमबूट दिवसभर पायांत ठेवू नये. (इ) आप्पांनी छत्री घेतली नाही.

5. ‘गमबूट देणे हा उपकार नाही, तो हक्क आहे.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत दहा ओळींत लिहा.

6. ‘पादत्राण’ या शब्दाप्रमाणे ‘त्राण’ शेवटी असलेला आणखी एक शब्द शोधा. ‘जोडे झिजवणे’ आणि ‘पाय जपून टाकणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

7. तुमच्या गावात पाण्यात, चिखलात किंवा घाणीत काम करणाऱ्या एका व्यक्तीला भेटा. त्यांच्या पायांत काय असते, ते पाहा आणि त्यांच्याशी झालेले संभाषण लिहून काढा.